प्रदर्शनमंडप : इतिहासाचें एक उपेक्षित साधन

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, पत्रें, बखरी, शकावल्या, ताम्रपट, शिलालेख व नाणीं हीं आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. इमारतींचाहि साधनांत समावेश होतो, पण तो देवळें, लेणीं, किल्ले व वाडे यांच्यापुरता. चार-सहा महिने भरणाऱ्या प्रदर्शनासाठीं उभारलेली इमारत हेंहि एक साधन होय असें सहसा कोणी मानीत नाहीं. आमचें म्हणणें असें आहे कीं, परतंत्र देश स्वतंत्र झाल्यावर स्वतःस काय समजतो हें पाहण्यास त्याच्या जाहीरनाम्यांइतकाच त्याच्या प्रदर्शनमंडपांचा उपयोग होतो. कदाचित् अधिकच होतो. जाहीरनामा लिहिण्यास शाई पुरते. मंडप उभारण्यास सामान, पैसा, कारागीर आणि मुदत लागते, आणि यांपैकीं कशाची वाण होती व ती कोणत्या युक्तीनें भरून काढली, याची नोंद इमारतीच्या अंगावरच राहून जाते.

‘मंडप’ या शब्दापासूनच आरंभ करूं. न्यायशास्त्राचा प्रथम परिचय करून घेणाऱ्या विद्यार्थ्यास शब्दांचे यौगिक आणि रूढ असे भेद सांगतात. ज्याचा अर्थ त्याच्या अवयवांपासून निघतो तो शब्द यौगिक. जसें, ‘पाचक’ म्हणजे पाक करणारा. ज्याचा अर्थ अवयवांकडे न पाहतां केवळ संकेतानें कळतो तो रूढ. या दुसऱ्या प्रकाराच्या चर्चेंत ‘मंडप’ शब्द पुढें येतो. अवयवार्थ घेऊं गेल्यास मंड म्हणजे पेज, व ती पिणारा तो मंडप. परंतु लग्नाचा मंडप पेज पितो असें कोणी समजत नाहीं. हा भेद आम्हांस पुढें उपयोगीं पडणार आहे, म्हणून येथें सांगून ठेविला. कांहीं इमारती ‘हें हिंदुस्थान’ असें सांगतात तें केवळ रूढीनें; घुमट दिसला, मनोरा दिसला, कीं पाहणारानें समजून घ्यावयाचें. कांहीं इमारतींत मात्र तोच अर्थ अवयवांतून निघतो; म्हणजे ती कशाची केली, कोणीं केली व कशी केली यांतून निघतो. आपल्या देशानें पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्या प्रकाराकडे कसा प्रवास केला, आणि ज्या इमारतींत तो प्रवास तडीस गेला तिची काय गति झाली, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

लंडन शहरीं १८५१ सालीं हाइड पार्कांत जें जगत्प्रसिद्ध प्रदर्शन भरलें, त्यांत जोसेफ पॅक्स्टन यानें बांधलेल्या काचमहालांत हिंदुस्थानास एक विभाग मिळाला होता. तो मांडणारी ईस्ट इंडिया कंपनी होती. दोनच वर्षांपूर्वीं लाहोर दरबाराकडून घेतलेला कोहिनूर हिरा तेथें पिंजऱ्यांत ठेविला होता. मुर्शिदाबादच्या नबाबाकडून एक भरजरी अंबारी आली होती. अंबारी ठेवावयास हत्ती पाहिजे, म्हणून इंग्लंडांतीलच सॅफ्रन वॉल्डन गांवच्या संग्रहालयांतून पेंढा भरलेला एक हत्ती उसना आणला; आणि तो आफ्रिकेचा होता. हत्ती तो हत्ती, असा हिशेब. दुसऱ्याच्या देशाचें चित्र उभें करितांना किती थोड्यावर भागतें, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

स्वतंत्र इमारतीचा मान त्यानंतर पस्तीस वर्षांनीं आला. ता. ४ मे १८८६ रोजीं व्हिक्टोरिया राणीनें साउथ केन्सिंग्टन येथें उघडलेलें वसाहतींचें व हिंदुस्थानचें प्रदर्शन सुमारें ५५ लक्ष लोकांनीं पाहिलें. त्यांतील ‘हिंदी राजवाडा’ हा कॅस्पर पर्डन क्लार्क या इंग्रज स्थपतीच्या कल्पनेंतून उतरलेला होता. त्याच्या दरबार दालनाचें लांकडी कोरीव काम पंजाबांतील भेरा गांवच्या मुहम्मद बक्ष व जुम्मा या दोघां सुतारांनीं लंडनमध्यें बसून केलें. या राजवाड्याकडे जाण्याच्या वाटेवर जो दगडी दरवाजा उभा केला होता तो आपल्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. कारण तो ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराची देणगी होती. मेजर कीथ या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं ग्वाल्हेरच्या पाथरवटांनीं तो कोरिला, १८८३-८४ च्या कलकत्ता येथील प्रदर्शनांत तो प्रथम मांडला गेला, आणि तेथून विलायतेस गेला. आजहि तो लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीचा आहे.

या दरवाजाबरोबर एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. ज्या ग्वाल्हेरच्या नांवानें तो मिरवला, तेथील किल्ल्यावर १८५८ पासून इंग्रजी पलटण बसली होती, आणि तो शिंद्यांस परत मिळाला तो १८८६ सालींच. तोहि झांशी देऊन. जयाजीराव महाराज त्याच वर्षीं जून महिन्यांत निवर्तले. म्हणजे महाराजांचा दरवाजा लंडनांत उभा राहत होता त्याच सुमारास त्यांच्या स्वतःच्या किल्ल्याचा दरवाजा त्यांस उघडा होत होता. महादजीच्या वंशजांच्या दप्तरांत या दोन व्यवहारांचे कागद एकमेकांजवळ लागले असतील तर नवल नाहीं.

राजवाड्याच्या चौकांत कारागीर बसविले होते. कुंभार, विणकर, गालिचे करणारे असे हे चौतीस लोक आग्र्याहून आणिलेले, आणि त्यांतील पुष्कळ जण आग्र्याच्या तुरुंगांत धंदा शिकलेले होते. बक्षीराम नांवाच्या कुंभाराचें वय १०२ वर्षें म्हणून सांगत. राणीनें रुडॉल्फ स्वोबोदा या चित्रकाराकडून त्यांतील कित्येकांचीं चित्रें काढविलीं. प्रेक्षकांनीं समजावें तें असें कीं, हें हिंदुस्थानांतील सनातन ग्रामजीवन. बादशहाच्या किंवा राजाच्या कृपाछत्राखालीं पिढ्यान् पिढ्या असेंच चालत आलें आहे, आणि तें छत्र आतां राणीचें आहे. तुरुंगांतील धंदेशिक्षण हें या चित्रांत कोठेंच दिसावयाचें नव्हतें. तथापि एका बाबतींत या प्रदर्शनाचे आभार मानले पाहिजेत. भेऱ्याच्या दोघां सुतारांचीं नांवें त्यामुळें राहिलीं. या मुद्द्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचें आहे.

वेंब्ली येथील १९२४ च्या साम्राज्य प्रदर्शनाची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल, कारण कल्पनेच्या दृष्टीनें तेथें नवें कांहीं नव्हतें. हिंदुस्थानच्या पांढऱ्या शुभ्र मंडपास ताजमहाल व दिल्लीची जुम्मा मशीद यांचे घुमट व मनोरे एकत्र करून चढविले होते. समाधि व मशीद यांच्या मिश्रणांतून बाजार निर्माण झाला. पूर्ण रूढार्थ तो हाच. परंतु त्या वेळेपर्यंत हिंदुस्थानांतील लोकमत पूर्वीचें राहिलें नव्हतें. जुलै १९२३ मध्यें केनियांतील हिंदी लोकांस समान मताधिकार व उंचवट्याच्या सुपीक प्रदेशांत जमिनीचा हक्क नाकारणारा निर्णय विलायत सरकारनें जाहीर केला, तेव्हां पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री यांच्यासारख्या अत्यंत नेमस्त पुरुषानेंहि या प्रदर्शनावर बहिष्काराचा पुरस्कार केला. गोखल्यांचे उत्तराधिकारी एका मंडपावर बहिष्कार घालण्याची भाषा करितात, यावरून मंडप हा केवळ सामान ठेवण्याचा आडोसा नव्हे हें त्यांसहि कळून चुकलें होतें असें दिसतें.

मग आपला मंडप कसा असावा? या प्रश्नाचें पहिलें खरें उत्तर, आमच्या मतें, दिल्लींत किंवा कलकत्त्यांत मिळालें नाहीं. तें खानदेशांत मिळालें. डिसेंबर १९३६ मध्यें काँग्रेसचें अधिवेशन पूर्व खानदेशांतील फैजपूर येथें भरलें. खेड्यांत भरलेलें हें पहिलेंच अधिवेशन, आणि अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. खादीचें व ग्रामोद्योगांचें प्रदर्शन हा त्याचा मोठा भाग होता. या वस्तीस तिलकनगर असें नांव दिलें, आणि तिची रचना व शोभा करण्याचें काम गांधींनीं शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांजवर सोपविलें. आपण चित्रकार, स्थपति नव्हे, असें नंदलालबाबूंनीं म्हणून पाहिलें. पण तें ऐकिलें गेलें नाहीं. अट एकच होती: जें गांवांत व आसपास मिळेल तें वापरावें आणि गांवच्या हातांनीं करावें. त्याप्रमाणें बांबू, गवत व अशाच हाताशीं असलेल्या जिनसा घेऊन वेशी, मंडप व झोपड्या उभ्या राहिल्या. अध्यक्षांची मिरवणूक बैलांच्या जोड्यांनीं ओढलेल्या रथांतून निघाली, आणि त्या रथाची सजावटहि नंदलालबाबूंचीच.

येथें घुमट नव्हता, मनोरा नव्हता, ताजमहालाची छाया नव्हती. तरी हा मंडप हिंदी नव्हता असें कोण म्हणेल? अर्थ अवयवांतून निघत होता. बांबू स्थानिक, तो बांधणारे हात स्थानिक, आणि बांधण्याची रीत प्रत्येक शेतकऱ्याच्या खळ्यावरची. १८८६ सालीं कारागीर हा पाहण्याची वस्तु होता व मंडप दुसऱ्याचा होता. १९३६ सालीं मंडपच कारागिराचा झाला. दोन वर्षांनीं गुजराथेंत हरिपुरा येथें नंदलालबाबूंनीं काढलेल्या चित्रफलकांची कीर्ति अधिक झाली आणि तिच्यापुढें फैजपूर थोडें झांकलें गेलें. कागदावरचें चित्र टिकतें, बांबूचा मंडप अधिवेशन संपतांच मोडतो. कीर्तीच्या वांटणींत हा भेद नेहमींच पडतो.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न अवघड झाला. खेड्यांतील मेळावा बांबूंत बसतो. पण धरणें, पोलादाचे कारखाने व आगगाडीचीं इंजिनें दाखवूं पाहणाऱ्या राज्याचें काय? दिल्लींत मथुरा रस्त्याच्या मैदानावर १९५५ पासून औद्योगिक मेळे भरूं लागले. १९५८ च्या प्रदर्शनांत हातमागाच्या कापडाचें दालन चार्ल्स कोरिया या तरुण स्थपतीनें केलें. मूळ घराणें गोव्याचें, धंदा मुंबईंत नुकताच मांडलेला. उन्हांत वाळविलेल्या मातीच्या विटांच्या भिंती आणि वर हातमागाच्याच कापडाचें छत, अशी ती रचना होती. म्हणजे जो माल दाखवावयाचा तोच डोक्यावर. तीनच वर्षांनीं, १९६१ सालीं, त्याच कोरियांनीं एका साबणाच्या कंपनीसाठीं चुरगळलेल्या कागदासारख्या घड्यांची काँक्रीटची इमारत उभी केली, व तिचें गणित महेंद्र राज या इंजिनियरानें सांभाळिलें. एकाच माणसाच्या हातून तीन वर्षांत माती आणि काँक्रीट अशीं दोन टोकें गांठलीं गेलीं; राष्ट्राचें मनहि त्या वेळीं असेंच दुभंगलेलें होतें.

ह्या दोन टोकांची गांठ १९७२ सालीं पडली. स्वातंत्र्यास पंचवीस वर्षें पुरीं झालीं त्या निमित्तानें दिल्लींत ‘एशिया ७२’ हा आंतरराष्ट्रीय मेळा भरवावयाचें ठरलें. ज्या मैदानास पुढें प्रगति मैदान म्हणूं लागले तेथें कायमचीं दालनें बांधण्यासाठीं स्थपतींची स्पर्धा झाली, व राज रेवाल यांचा आराखडा पसंत पडला. इंजिनियर तेच महेंद्र राज; चंदिगडच्या उभारणींत काम केलेले व तोंपर्यंत देशांतील अवघड इमारतींचें गणित ज्यांच्याकडे जावें असे झालेले. त्या मुख्य इमारतीचें नांव ‘हॉल ऑफ नेशन्स’. आम्ही तीस राष्ट्रमंडप म्हणूं.

रचना अशी होती. शिखर छाटलेल्या सूचीची आकृति घ्यावी, म्हणजे खालीं रुंद व वर निमुळती होत जाऊन सपाट तोडलेली. तिच्या भिंती व छत भरीव नाहींत, तर त्रिकोणांत त्रिकोण गुंतवून केलेली एक जाड पोकळ जाळीच. आंत एकहि खांब नाहीं. मधला मोकळा पल्ला ७८ मीटरांचा, उंची कांठाशीं ३ मीटर व मध्यें २१ मीटरांपर्यंत; पुस्तकापासून बुलडोझरापर्यंत कांहींहि मांडतां यावें असा त्यांचा हेतु होता. अशा त्रिकोणी चौकटी परदेशांत लोखंडी नळ्यांच्या करीत. नळ्या कारखान्यांतून मापून येतात व गोलाकार सांध्यांत पिळून बसवितात. येथें तें जमण्यासारखें नव्हतें. तशा नळ्या व तसे सांधे करणारे कारखाने नव्हते, पोलाद महाग व दुर्मिळ होतें, आणि मुदत तर सुमारें दोन वर्षांची. रेवाल व राज यांनीं मग असें ठरविलें कीं, हीच चौकट काँक्रीटची करावयाची, आणि तीहि जागेवर ओतून.

ह्या निर्णयांतील धाडस सामान्य वाचकाच्या लक्षांत येणें कठीण आहे, म्हणून थोडा विस्तार करितों. काँक्रीटची तुळई ओतणें हें कोणत्याहि गवंड्याचें काम. पण जेथें अनेक तिरक्या दांड्या निरनिराळ्या दिशांनीं येऊन एका सांध्यांत मिळतात, तेथें त्या सर्वांच्या लोखंडी सळया एकाच ओंजळीएवढ्या जागेंत शिरल्या पाहिजेत, त्यांच्यामधून काँक्रीट खालपर्यंत उतरलें पाहिजे, आणि भोंवतीं लांकडी फळ्यांचा सांचा त्या अवघड कोनांत तंतोतंत बसला पाहिजे. असे सांधे एक-दोन नव्हेत. सगळी इमारतच सांध्यांची. सुतारांनीं सांचे केले, सळया बांधणारांनीं त्या हातांनीं वांकविल्या, आणि बायका-पुरुषांनीं डोक्यावर घमेलीं घेऊन माल वर पोंचविला. जागेवर ओतलेल्या काँक्रीटची एवढी मोठी त्रिमितीय चौकट जगांत तोंपर्यंत कोणीं केली नव्हती. ३ नोव्हेंबर १९७२ रोजीं मेळा उघडला, तेव्हां ती उभी होती.

चौकटीच्या जाडीमुळें ऊन आंत सरळ येत नसे, तें गाळून येई. आणि म्हणून रेवाल या रचनेचें नातें आपल्याकडील दगडी जाळीशीं जोडीत. हें नातें खरें, पण आम्हांस तें दुय्यम वाटतें. जाळीसारखें दिसणें हा पुन्हा रूढार्थ झाला. या इमारतीचें भारतीयत्व दुसरीकडे होतें: यंत्र नाहीं तर हात आहेत, नळी नाहीं तर सळई आहे, कारखाना नाहीं तर सुतार आहे, असा जो हिशेब तींत मांडलेला होता त्यांत होतें. फैजपूरच्या बांबूचा न्याय येथें काँक्रीटला लावला गेला. तो जाणूनबुजून लावला गेला असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. गरजेनें माणसें त्याच वाटेवर येतात.

येथें एक आक्षेप घेतां येईल आणि तो योग्य आहे. हात स्वस्त होते म्हणून हातांनीं केलें. यांत गौरव कसला? ज्या बाईनें घमेलें वाहिलें तिची मजुरी किती थोडी होती, हेंच तर त्या गणिताच्या बुडाशीं होतें. या इमारतीच्या वर्णनांत दोन नांवें येतात, स्थपतीचें व इंजिनियराचें. सांचे करणाऱ्या सुतारांचीं येत नाहींत. परक्या राज्यकर्त्यांच्या प्रदर्शनांत मुहम्मद बक्ष आणि जुम्मा यांची नोंद राहावी, आणि स्वतंत्र राष्ट्राच्या अभिमानमंदिराच्या कारागिरांची राहूं नये, हें उणें झांकण्यासारखें नाहीं. इमारत थोर होती म्हणून तिच्या बुडचा हिशेब माफ होत नाहीं. तो तपासण्यास निदान ती उभी तरी पाहिजे होती.

इतर नवस्वतंत्र देशांकडे एक दृष्टि टाकिली म्हणजे आपल्या प्रयत्नाचें वेगळेपण कळतें. घाना देशांत एन्क्रुमांनीं आक्रा येथें व्यापारमेळ्याचीं दालनें योजिलीं. सरकारी बांधकाम खात्यांत काम करणाऱ्या यासेक खिरोश व स्तानिस्लाव रिमाशेव्स्की या पोलिश स्थपतींचा त्यांच्या रचनेंत प्रमुख हात होता, आणि फेब्रुवारी १९६७ मध्यें मेळा उघडला तेव्हां एन्क्रुमा पदच्युत होऊन जवळजवळ वर्ष होत आलें होतें. लेबाननच्या त्रिपोली शहरीं ब्राझीलच्या ऑस्कर निमायर यांनीं विस्तीर्ण मेळा-क्षेत्र आंखिलें. १९७५ च्या यादवी युद्धांत तें अर्धवट राहिलें, आणि २०२३ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशाच्या व त्याबरोबरच धोक्यांतील वारशाच्या यादींत घातलें. सेनेगालच्या डकार शहरीं १९७४ सालीं उघडलेलें मेळा-केंद्र लामूरो व मारँ या फ्रेंच स्थपतींचें, जरी त्यांतील त्रिकोणांची कल्पना अध्यक्ष सेंघोर यांच्या कलाविषयक सिद्धांताशीं जुळविलेली होती. या सर्वांत कल्पकता आहे, आणि परक्या स्थपतीनें केलें म्हणून तें त्या राष्ट्राचें नव्हे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु कल्पना, गणित, सामान व श्रम हीं चारी देशांतच भागविलीं, असें राष्ट्रमंडपाविषयीं म्हणतां येतें, आणि हें थोडकें नव्हे.

आतां अखेरची हकीकत. प्रगति मैदानाची नव्यानें मांडणी करावयाची म्हणून राष्ट्रमंडप व त्याच्या लगतचीं उद्योगदालनें पाडण्याचें इंडिया ट्रेड प्रमोशन ऑर्गनायझेशन या सरकारी संस्थेनें ठरविलें. देशांतील व परदेशांतील स्थपतींनीं विरोध केला. प्रकरण दिल्लीच्या वारसा-संरक्षण समितीपुढें गेलें, आणि समितीनें वयाचें माप लाविलें: साठ वर्षें झालेल्या इमारतीच वारसा म्हणून विचारांत घ्यावयाच्या, ही पंचेचाळिशीची. उच्च न्यायालयांतहि पाडकाम थांबलें नाहीं. २३ एप्रिल २०१७ च्या रात्रीं यंत्रें लागलीं, आणि हातांनीं उभारलेली ती चौकट कांहीं तासांत खालीं आली.

वयाच्या मापाविषयीं या त्रैमासिकाच्या वाचकांस कांहीं सांगणें म्हणजे धिटाईच, तरी बोलणें प्राप्त आहे. कायद्यास कोठें तरी रेघ ओढावी लागते हें आम्ही जाणतों. राष्ट्रमंडप ज्या वर्षीं उभा राहिला त्याच १९७२ सालच्या पुराणवस्तूंच्या कायद्यांत वस्तूस शंभर वर्षांची व हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षांची रेघ ओढलेली आहे. परंतु त्या रेघेचा अर्थ, तिच्या अलीकडचें फेंकून द्यावें, असा नाहीं. पेशवाईंतील कारकुनांचे कागद त्यांच्या नातवांनीं रद्दी म्हणून वाण्यास घातले, ते त्यांस साठ वर्षें झालीं नव्हतीं म्हणून नव्हे. कोणास त्यांचें मोल वाटलें नाहीं म्हणून. जें पुढें साधन व्हावयाचें तें आधीं वांचलें पाहिजे, आणि वांचण्याचा धोक्याचा काळ हा नेहमीं पहिल्या दोन पिढ्यांचाच असतो.

कोणी म्हणेल, मांडव घालावा व उतरावा हीच आपली रीत. वेंब्लीचा मंडप गेला, फैजपूरचा गेला, त्यांबद्दल कोण रडलें? याचें उत्तर सोपें आहे. फैजपूरचा मांडव उतरण्यासाठींच घातला होता, आणि त्याचा बांबू पुन्हा कोणाच्या तरी गोठ्यास लागला असेल. राष्ट्रमंडप कायमचा म्हणून बांधला होता. जें ज्या हेतूनें केलें त्या हेतूनें त्याचा न्याय करावा.

त्या जागीं उभारलेल्या नव्या संकुलांतील मुख्य इमारतीचें उद्घाटन २६ जुलै २०२३ रोजीं झालें. तिचें नांव ‘भारत मंडपम्’, आकार शंखावरून घेतलेला, आणि नांवामागें कल्याण येथील बसवेश्वरांच्या अनुभवमंडपाची स्मृति असल्याचें सांगण्यांत आलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत ‘जी-२०’ गटाची शिखर परिषद येथें झाली. नांव आम्हांस आवडलें. मंडप शब्दास दिल्लींत असें मानाचें स्थान मिळालें याचा संस्कृताच्या विद्यार्थ्यास आनंद होणारच. पण शंख, नांव, स्मृति हे सगळे संकेत आहेत. इमारतीकडे पाहून ती कशी केली हें कळत नाहीं. ती दुसऱ्या कोणत्याहि श्रीमंत देशांत अशीच होऊं शकली असती.

मात्र एक अपवाद न्यायासाठीं सांगितला पाहिजे. या मंडपासमोर अष्टधातूची सत्तावीस फूट उंच नटराजमूर्ति आहे. ती तामिळनाडूंतील स्वामिमलैच्या स्थपतींनीं मेण गाळून ओतण्याच्या पद्धतीनें केली. हेंच आपल्या शास्त्रांतील मधूच्छिष्टविधान, आणि त्याचें वर्णन ज्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत आहे तो बाराव्या शतकांत चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें कल्याण येथेंच रचिला. मराठीचे जुने मासले शोधणाऱ्यांस तो ग्रंथ अपरिचित नाहीं. म्हणजे कल्याणचें नांव इमारतीनें घेतलें आणि कल्याणची विद्या मूर्तींत उतरली. नव्या संकुलांत यौगिकार्थ शोधणारानें दाराशींच थांबावें.

आतां काय उरलें आहे त्याचा हिशेब. शिंद्यांचा दरवाजा लंडनांत आहे. भेऱ्याच्या सुतारांचें दालन प्रदर्शनानंतर ब्रॅसी कुटुंबाकडे गेलें व तेथून हेस्टिंग्ज गांवच्या संग्रहालयांत आलें. तें तेथें नीट ठेविलेलें आहे. राष्ट्रमंडपाचे नकाशे व छायाचित्रें आहेत, आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें २०२२ सालीं दक्षिण आशियांतील स्वातंत्र्योत्तर स्थापत्याचें जें प्रदर्शन भरविलें, त्यांत तो मांडला गेला. त्याच वर्षीं महेंद्र राज वारले. ज्या इमारतींत प्रदर्शनें भरावयाचीं तीच परदेशांतील प्रदर्शनाचा विषय झाली.

फैजपूरविषयीं मात्र आपल्याच हातीं कांहीं आहे. तिलकनगराच्या उभारणींत राबलेल्या गांवकऱ्यांचीं, सुतारांचीं व बुरुडांचीं घराणीं अद्याप यावल, रावेर व भुसावळ या तालुक्यांत नांदत असतील. त्यांच्याकडे बांबूखरेदीच्या पावत्या, मजुरीचे हजेरीपट, नगराचे आंखणीनकाशे, स्वयंसेवकांचे बिल्ले किंवा छायाचित्रें असल्यास त्यांच्या नकला मंडळाकडे धाडाव्या. मूळ कागद देण्याची गरज नाहीं; नकलेवर कोणाच्या घरचा कागद व कोणाच्या हातचें काम, हें नांवासह लिहून पाठविलें म्हणजे पुरे.